दह्यातलं आम्ल, गाठीतलं आम्ल

गेल्या महिन्यात एका सकाळी पोह्यांवर झाकण ठेवलं आणि वहिनींचा फोन आला. "वन्सं, आमच्याकडे मी विरजण लावणं बंद केलंय." आमच्या दादाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, जठराचा कॅन्सर आहे. केमोचं तिसरं चक्र नुकतंच आटोपलंय. दह्याशिवाय त्याला जेवल्यासारखं वाटत नाही. वहिनींच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी मजकूर पाठवला होता: दह्यात लॅक्टिक ॲसिड असतं, कॅन्सरची गाठ लॅक्टिक ॲसिडवर पोसते, तेव्हा दही आजच तोडा. खाली तीन वेळा हात जोडलेले. "तुम्ही इतकी वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवलीत, आता खरं काय ते सांगा."

मजकुरातलं पहिलं वाक्य खरं, दुसरं अर्धं खरं आणि तिसरं साफ चुकीचं होतं. पण ते का चुकीचं, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी इथे इंदूरच्या रामबागेत त्यांच्या घरी गेले. तिथे जे सांगितलं ते, आणि दादाचा डोळा लागला म्हणून जे राहून गेलं ते, असं सगळं इथे लिहितेय.

आधी नावाचा घोळ. १७८० साली कार्ल विल्हेल्म शेले नावाच्या स्वीडनमधल्या औषधविक्रेत्याने हे आम्ल आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं, म्हणून ते दुग्धाम्ल. पुढे त्याच्याच देशातल्या बर्झेलियसला तेच आम्ल शिकार केलेल्या प्राण्यांच्या स्नायूंत सापडलं. म्हणजे दुधाशी नातं बारशापुरतं. शरीरात ते बहुतेक करून लॅक्टेट या रूपात असतं, आणि ते बाहेरून यावं लागत नाही. माणूस नुसता पडून राहिला तरी चोवीस तासांत १०० ग्रॅमहून जास्त लॅक्टेट तयार करतो आणि जवळजवळ तितकंच वापरून टाकतो. लाल रक्तपेशींना तर लॅक्टेट केल्याशिवाय गत्यंतरच नाही. वाटीभर दह्यात असतं एक-दीड ग्रॅम. हा हिशेब मी वहिनींना लाइटबिलाच्या पाठीवर मांडून दाखवला. दह्याचा विषय खरं तर तिथेच संपत होता, पण त्यांनी विचारलं, "मग गाठीचं काय? ते तरी खोटं ना?"

ते खोटं नाही. आणि गेल्या पाच-सहा वर्षांत ते फार रंजक झालंय.

पेशीत ग्लुकोज शिरलं की आधी त्याचे दोन तुकडे होतात. इथून वाटा दोन. ऑक्सिजन असेल तर ते तुकडे मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात जातात, पूर्ण जळतात आणि एका ग्लुकोजमागे ऊर्जेची साधारण ३० नाणी मिळतात. नसेल तर त्यांचं लॅक्टेट होतं आणि नाणी मिळतात फक्त २. बहुतेक साध्या पेशी आडवेळीच या दुसऱ्या वाटेने जातात. पण १९२०च्या दशकात जर्मनीत ओटो वारबुर्ग या शास्त्रज्ञाला दिसलं, की गाठीच्या पेशी ऑक्सिजन समोर असतानाही धडाधड ग्लुकोज खातात आणि लॅक्टेट बाहेर टाकतात. (त्याला १९३१ साली नोबेल मिळालं ते याच शोधासाठी, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते बरोबर नाही, ते श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी होतं.) वारबुर्गला वाटलं, या पेशींचे मायटोकॉन्ड्रिया बिघडलेत. बहुतेक कॅन्सरांत तसं नसतं. गाठीला नुसती ऊर्जा नको असते, तिला झपाट्याने नव्या पेशी बांधायच्या असतात. घर बांधायला काढलं की विजेबरोबर विटाही लागतात, आणि ग्लुकोज पूर्ण जाळून टाकलं तर विटा कुठून आणायच्या?

दादाचा पेट स्कॅन याच खादाडपणावर चालतो. किरणोत्सारी खूण लावलेलं, ग्लुकोजसारखं दिसणारं द्रव्य शिरेतून देतात आणि ते कुठे कुठे जमलं ते यंत्र टिपतं. "म्हणून यांना तासभर गप्प पडून राहायला सांगितलं होतं होय!" वहिनी म्हणाल्या. बरोबर. हातपाय हलवले, बडबड केली तर तिथले स्नायूच ते द्रव्य ओढून घेतात. दादाला तासभर गप्प ठेवणं हाच मोठा उपचार, असं त्या पुढे पुटपुटल्या, ते सोडून देऊ.

आता हे लॅक्टेट. मी शिकवायला लागले तेव्हा पुस्तकात ते टाकाऊ म्हणूनच यायचं: धावलात, लॅक्टिक ॲसिड साठलं, पाय दुखले. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते त्यामुळे नव्हे, हे तेव्हाही ठाऊक होत चाललं होतं, पण पुस्तकं सावकाश बदलतात. लॅक्टेटची अवस्था आपल्या शहरातल्या ओल्या कचऱ्यासारखी झाली. एकेकाळी तो फक्त उचलून लांब नेऊन टाकायचा असायचा. २०२२पासून देवगुराडियाच्या प्रकल्पात त्यापासून गॅस होतो आणि त्यावर सिटीबस धावतात. हृदय लॅक्टेट आवडीने जाळतं, यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं, आणि एका पेशीने टाकलेलं लॅक्टेट शेजारची पेशी उचलून वापरते. अमेरिकेतले जॉर्ज ब्रुक्स १९८०च्या दशकापासून हेच सांगत होते. म्हणजे लॅक्टेट हे इंधन झालं. इथवरही ठीक. खरा धक्का २०१९मध्ये बसला.

तो समजायला थोडी तयारी लागते, आणि त्यासाठी मला सराफा आठवतो. राजवाड्यामागची ती गल्ली दिवसा सोन्याचांदीची. रात्री शटर पडतात आणि त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, जलेबा. पत्ता तोच, गल्ली तीच. बदलतं ते एवढंच, की या घटकेला काय उघडं आणि काय बंद. आपल्या पेशींचंही असंच आहे. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत जनुकं तीच, फरक उघड्या-बंद शटरांचा.

हे शटर म्हणजे काय? एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरेल. तो केंद्रकात मावावा म्हणून हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळांतून प्रथिनांची शेपटं बाहेर आलेली असतात आणि त्यांवर लायसिन या अमिनो आम्लाचे धनभारित मणी असतात. डीएनए ऋणभारित, त्यामुळे गुंडाळी घट्ट बसते. या लायसिनवर एखादा छोटा रासायनिक गट चिकटवला की त्याचा धनभार जातो, गुंडाळी सैल होते आणि तिथलं जनुक वाचता येतं. शटर वर. असा एक गट, ॲसिटिल, १९६०च्या दशकापासून माहीत होता.

२०१९ साली शिकागो विद्यापीठातल्या यिंगमिंग झाओ यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की लॅक्टेटपासून झालेला गटही असाच लायसिनवर चिकटतो. हिस्टोनवरच्या अशा २८ जागा त्यांना सापडल्या. पेशींना त्यांनी जड कार्बनचं लॅक्टेट पाजलं, आणि तोच जड कार्बन हिस्टोनवर चिकटलेला मिळाला. म्हणजे पुरावा पक्का. या प्रकाराला लॅक्टिलेशन म्हणतात. पेशीत लॅक्टेट वाढलं की खुणा वाढतात, कमी झालं की उतरतात. पेशी काय खाते आणि तिची कोणती जनुकं उघडतात, यांच्यामध्ये अशी थेट तार असेल हे आम्हाला कधी शिकवलंच नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

त्याच कामातलं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. आपल्या प्रतिकारशक्तीतल्या भक्षक पेशी जंतूंवर तुटून पडतात तेव्हा त्याही वारबुर्गच्या वाटेने ग्लुकोज खातात, त्यामुळे आत लॅक्टेट साठत जातं. काही तासांनी ते हिस्टोनवर चढतं आणि जखम भरण्याची जनुकं उघडतं. म्हणजे हल्ल्याच्या धुमश्चक्रीतच 'आता पुरे, मलमपट्टीला लागा' असा गजर लावून ठेवलेला. शरीराची ही सोय उत्तम. आता कल्पना करा, हीच भक्षक पेशी गाठीत शिरलीय. रक्तात एरवी लिटरमागे १-२ मिलिमोल लॅक्टेट असतं. जोरात धावल्यावर ते १०-१५च्या घरात जातं आणि तासाभरात पुन्हा खाली येतं. गाठीच्या आत काही ठिकाणी ते ३०-४०पर्यंत मोजलं गेलंय, आणि तिथे ते उतरत नाही. गजर वाजतच राहतो. मारायला आलेली पेशी मलमपट्टी करत बसते, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या, वाढीचे संदेश. सगळी सेवा गाठीची.

वहिनींनी इथे विचारलं, "म्हणजे पोलिसाला हवालदारी सोडून हमाली लावली?" मी माझी उपमा टाकून त्यांचीच घेतली.

लॅक्टेट फक्त हिस्टोनवर चढतं असंही नाही. नंतर इतर प्रथिनांवरही अशा खुणा मिळत गेल्या, आणि कॅन्सरच्या दृष्टीने खरी गंमत तिथे आहे.

पी५३ या प्रथिनाचं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. डीएनए बिघडला की पेशीची वाढ थांबवणारं, वेळ पडली तर तिला मरायला लावणारं हे पहारेकरी प्रथिन. सुमारे निम्म्या कॅन्सरांत त्याचं जनुकच बिघडलेलं असतं. पण जिथे जनुक धड आहे, तिथे पहारेकरी झोपतो कसा? २०२४मध्ये चीनमधल्या संशोधकांनी याचं एक उत्तर दिलं. एएआरएस१ नावाचं एक एन्झाइम आहे. त्याचं रोजचं काम प्रथिनं बांधायच्या कारखान्यातलं: ॲलॅनिन हे अमिनो आम्ल उचलायचं आणि त्याच्या ठरलेल्या वाहकावर बसवायचं. आता ॲलॅनिन आणि लॅक्टेट यांची चित्रं शेजारी काढली तर फरक एकाच टोकाचा. एकाला नायट्रोजनचा गट, दुसऱ्याला ऑक्सिजनचा. एन्झाइम लॅक्टेटही उचलतं आणि नेऊन पी५३वर चिकटवतं, तेही नेमकं १२० आणि १३९ क्रमांकाच्या लायसिनवर, म्हणजे पी५३ जिथे डीएनएला पकडतं त्याच भागात. पकड सुटते. पहारेकरी जाग्यावर उभा, पण हातात बेड्या.

त्या कामात आणखी एक गोष्ट होती. बीटा-ॲलॅनिन हे द्रव्य एएआरएस१च्या त्याच खाचेत बसतं आणि लॅक्टेटला जागा मिळू देत नाही. उंदरांत त्याचा उपयोग दिसला. हे वाचून माझ्या भाच्याने लगेच विचारलं, की त्याच्या जिममध्ये बीटा-ॲलॅनिनचे डबे मिळतात, मामासाठी आणू का? नको. उंदरातला निकाल आणि माणसाचा उपचार यांच्यामध्ये फार लांबचा रस्ता असतो आणि त्यावर बहुतेक औषधं वाटेतच बसतात. केमो चालू असताना डॉक्टरांना न विचारता कोणताही डबा उघडू नये.

आता दादाच्या कामाची गोष्ट, कारण ती जठराच्या कॅन्सरमध्येच पाहिली गेलीय. सिस्प्लॅटिनसारखी केमोची औषधं आणि रेडिएशन, दोन्हींचा डाव एकच: गाठीच्या पेशींचा डीएनए इतका मोडायचा, की त्यांना तो सांधता येऊ नये. पण पेशीकडे डागडुजीची टोळी असते. दोन्ही धागे तुटले की एमआरई११, आरएडी५० आणि एनबीएस१ ही तीन प्रथिनं मिळून आधी धावतात, तुटलेलं टोक पकडतात आणि बाकीच्यांना हाका मारतात. २०२४मध्ये 'नेचर' या नामांकित विज्ञानपत्रिकेत आलेल्या कामात दिसलं, की एनबीएस१च्या ३८८ क्रमांकाच्या लायसिनवर लॅक्टेटची खूण चढली की ही टोळी जास्त चांगली जमते आणि दुरुस्ती चोख होते. त्याच वर्षी एमआरई११वरही अशीच खूण सापडली. केमोला दाद न देणाऱ्या गाठींत लॅक्टेट जास्त का, याचं एक कारण हाती आलं: जितकं लॅक्टेट, तितके गवंडी कुशल. डॉक्टर भिंत पाडतायत आणि आतून कुणीतरी ती रातोरात लिंपतंय.

मग लॅक्टेटच तोडलं तर? लॅक्टेट बनवणारं मुख्य एन्झाइम एलडीएचए. स्टिरिपेंटॉल नावाचं एक औषध त्याला अडवतं. गंमत म्हणजे ते कॅन्सरचं औषधच नाही, लहान मुलांना होणाऱ्या ड्राव्हे सिंड्रोम या फिट्सच्या अवघड आजारात ते वापरलं जातं. 'नेचर'मधल्या त्याच संशोधकांनी ते सिस्प्लॅटिन आणि रेडिएशनच्या जोडीला दिलं, तेव्हा प्रयोगशाळेत आणि उंदरांत गाठी जास्त चांगल्या दबल्या. माणसांना आधीपासून दिलं जाणारं औषध असल्यामुळे पुढचा रस्ता जरा सोपा, पण कॅन्सरवरचा उपचार म्हणून ते आज कुणाच्या पर्चीवर लिहिण्याजोगं नाही. दादाला मी हे मुद्दाम दोनदा सांगितलं, कारण 'नेचर' हा शब्द ऐकल्याबरोबर तो उठून बसला होता.

प्रतिकारशक्तीलाच गाठीवर सोडणाऱ्या इम्युनोथेरपीचंही गणित लॅक्टेट बिघडवतं. आपल्या फौजेत मारणाऱ्या टी पेशी असतात, तशा आवर घालणाऱ्याही असतात. गाठीतल्या आंबट दलदलीत मारणाऱ्या पेशी मरगळतात. आवर घालणाऱ्यांना मात्र लॅक्टेट पचतं. त्यांच्यातल्या मोएसिन या प्रथिनावर लॅक्टेटची खूण चढली की त्यांचा आवर आणखी घट्ट होतो, असं २०२२मध्ये दिसलं. मग पीडी-१ हा टी पेशींवरचा ब्रेक काढणारी महागडी इंजेक्शनं देऊनही गाडी जागची हलत नाही. अशा वेळी लॅक्टेट कमी करून इंजेक्शन दिलं तर परिणाम वाढतो का, यावर उंदरांत चांगलं काम झालंय.

इतकं सगळं माहीत असताना औषध बाजारात का नाही, असं विचाराल तर अडचण याच गोष्टीत लपलीय. लॅक्टेटची वाट गाठीच्या मालकीची नाही. मारणारी टी पेशी कामाला लागते तेव्हा तीही ग्लुकोज ओरपते आणि लॅक्टेट करते. तिच्याही हिस्टोनवर लॅक्टेटच्या खुणा असतात आणि त्या तिला उपयोगीच पडतात. म्हणजे सरसकट नळ बंद केला तर शत्रूबरोबर आपली फौजही तहानेने मरायची. लॅक्टेट पेशीच्या आतबाहेर नेणारं एक दार आहे, एमसीटी१. ते अडवणारं एक औषध माणसांत तपासलं गेलं, तर काहींच्या डोळ्यांच्या तपासणीत बदल दिसले. दृष्टिपटलालाही ते दार लागतं ना! शिवाय काही गाठी तेवढ्यात दुसऱ्या दाराने, एमसीटी४ने, कारभार चालू ठेवतात. म्हणूनच आता लक्ष खुणेकडे वळतंय. लॅक्टेट बंद करण्यापेक्षा ठरावीक प्रथिनावर ते चिकटवणाऱ्या हाताला अडवावं, किंवा पुसणाऱ्याला बळ द्यावं. पुसणारेही सापडलेत, एचडीएसी आणि सर्टुइन या एन्झाइमांच्या घराण्यांतले. पण तेच हात ॲसिटिलही पुसतात, एकाला छेडलं की दुसरं हलणार.

माझी एक शंकाही सांगून टाकते. एखाद्या लायसिनवरची खूण महत्त्वाची आहे हे दाखवायला संशोधक तो लायसिनच बदलून टाकतात आणि काय बिघडतं ते पाहतात. पण त्याच जागी ॲसिटिलही बसत असेल, तर बिघाड नेमका कशामुळे? दिवाणखान्यातली खुर्चीच उचलली तर कोणता पाहुणा परत गेला हे कसं कळणार? चांगल्या प्रयोगांत याची काळजी घेतलेली असते, सगळ्यांत नाही. २०१९पासून या विषयावर शोधनिबंधांचा असा पूर आलाय, की प्रत्येक कॅन्सरमागे लॅक्टिलेशन आहे असं वाटावं. मी ते सगळं जरा जपूनच वाचते.

निघताना वहिनींनी दोन प्रश्न राखून ठेवले होते ते काढले. पहिला: साखर बंद करू का? म्हटलं, दादाने गोड सोडलं तरी यकृत रक्तातलं ग्लुकोज खाली पडू देणार नाही, आणि गाठ त्यातला आपला वाटा घेणारच. मधुमेह असता तर गोष्ट वेगळी. आत्ता त्याचं वजन उतरतंय, ते जास्त काळजीचं. दुसरा: सकाळी नेहरू पार्कात फिरायला जातात, दमल्यावर लॅक्टेट वाढेल का? वाढेल आणि चहा होईपर्यंत उतरेल. फिरणं सोडू नये.

दह्याचं उत्तर मी दिलं नाही. दही बंद ठेवायचं एक कारण असू शकतं, पण त्याचा लॅक्टेटशी संबंध नाही. केमोमुळे पांढऱ्या पेशी फार खाली आल्या की घरच्या दह्यातले एरवी निरुपद्रवी जंतूही त्रास देऊ शकतात, म्हणून त्या दिवसांत काही डॉक्टर ते टाळायला सांगतात. दादाचा काउंट मला ठाऊक नव्हता. डॉक्टरांना विचारा, म्हटलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "वन्सं, डॉक्टर म्हणाले काउंट चांगलाय, ताजं लावलेलं चालेल. आंबट नको, तोंड आलंय ना यांचं. पण आता घरात विरजणच उरलं नाहीये." भाच्याच्या हाती वाटीभर धाडलं.